पारूचा आकांत

१

आकांत आलाच नाही.

डोंबिवलीच्या वाचनालयाचं सभागृह गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत सुमेधाबाई आठल्ये. वय अठ्ठ्याऐंशी. ज्या आवाजावर एका अख्ख्या पिढीने जीव ओवाळून टाकला, तो आवाज गेल्या दिवाळीत झटका आला आणि बंद झाला. बाईंना ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, पण बोलता म्हणून येत नव्हतं. त्यासाठीच तर हा सोहळा होता. कपाटात उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली जुनी फीत, म्हणजे 'ओहोटीची वाट' या नभोनाट्याची एकुलती एक प्रत, नातीने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. बाई आता बोलत नाहीत तर निदान त्यांचा तो आवाज सगळ्यांनी एकदा ऐकावा, एवढीच इच्छा.

नाटक साधं. पारू नावाच्या कोळणीचा मुलगा समुद्रावर जातो, होडी रिकामी परत येते, आणि पारू किनाऱ्यावर उभी राहून आकांत करते. तो आकांत पुढे छापून आला आणि गाजला. शाळेच्या स्नेहसंमेलनात, एकपात्री स्पर्धेत पोरी हमखास तोच म्हणत. "दर्या, तुला मी नारळ वाहिला, तू माझं पोर घेतलंस" हे वाक्य सभागृहातल्या निम्म्या बायकांना आजही पाठ होतं. पण मूळचा आकांत प्रक्षेपणानंतर कोणी ऐकलेला नव्हता. बाईंनी तो पुन्हा कधी केला नाही. सत्काराला बोलावलं, की लोक गळ घालत, बाई हात जोडत आणि म्हणत, "ते एकदाच."

स्पीकरमधून म्हाताऱ्या तांडेलाचा, होडीच्या म्होरक्याचा, आवाज आला. "पारू, होडी आली गं. रिकामी आली."

सगळ्यांनी श्वास रोखला. आणि मग काहीच नाही. शब्द नाही, हुंदका नाही, खरखरसुद्धा नाही. कोरडी, ठार शांतता. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी वायर हलवून बघितली. मग निवेदकाचा आवाज आला, "त्यानंतर पारू कुणालाच किनाऱ्यावर दिसली नाही", आणि नाटक संपलं.

बाईंचा मुलगा मुकुल उठला. साठीचा, बँकेतून निवृत्त, एरवी आवाज न चढवणारा माणूस. भर सभेत त्याने स्वतःच्या मुलीला विचारलं, "अंतरा, कुणाला विकलास आजीचा आवाज?"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या परशुराम मढवीने मान खाली घातली. पोलीस खात्यात त्याची उभी हयात गेली होती, शेवटी इन्स्पेक्टर म्हणून तो निवृत्त झाला. मुकुलशी ओळख सकाळच्या फिरण्यातली. पण आज तो आला होता तो स्वतःसाठी. कोपरच्या खाडीकाठी, पाटलांच्या ओटीवर, लहानपणी त्याने हे नाटक ऐकलं होतं. त्याचा थोरला भाऊ खाडीत गेला त्याच पावसाळ्यातली गोष्ट. रेडिओतला तो टाहो त्याच्या कानांत अजून तसाच होता.

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुलचाच फोन आला. "मढवीसाहेब, पोलिसांत जायचं नाहीये मला. घरातली गोष्ट आहे. पण छडा लागायला हवा. आणि एक सांगतो, काल घरी आल्यापासून आईने अन्नाला तोंड लावलेलं नाही. चमचा नेला की ओठ मिटून घेते."

परशुराम गेला. मुकुलची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ही तिघंच. त्यांतली दोघं एकमेकांशी बोलत नव्हती आणि तिसरीला बोलता येत नव्हतं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी मऊ भाताची वाटी तशीच होती, वर पापुद्रा धरलेली.

अंतरा स्वयंपाकघरात उभी होती. सत्ताविशीची मुलगी, डोळे सुजलेले.

"काका, मला एका कंपनीने विचारलेलं, खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "आजीच्या जुन्या आवाजावरून कॉम्प्युटरला बोलायला शिकवायचं, मग तो गोष्टी वाचून दाखवणार. बाबा भडकले. मी कंपनीला नाही म्हणून कळवून टाकलं. पण बाबांचं आपलं एकच, की तोच तुकडा मी कापून बाजूला ठेवला. त्यांना वाटतं त्या आकांतालाच भाव."

"तू फितीचं काय केलंस ते सांग. पहिल्यापासून."

"कल्याणला महिपतकाका आहेत, जुनी टेपरेकॉर्डरं दुरुस्त करतात. त्यांनी उतरवून दिली. खूप खरखर होती, म्हणून मी सफाईच्या ॲपमध्ये टाकली. ते ॲप माणसाचं बोलणं ओळखतं, तेवढं ठेवतं, बाकीचा आवाज काढून टाकतं. मी एक शब्द कापला नाही. शप्पथ."

"साफ झाल्यावर ऐकलीस?"

"सुरुवात ऐकली. पुढचं नाही." तिने ओढणीने नाक पुसलं. "मला आजीच्या शेजारी बसून पहिल्यांदा ऐकायचं होतं. आता मलाच वाटायला लागलंय, की माझ्याच हातून गेलं असेल. तसं असेल तर मी इथे राहणार नाही काका. आजीला तोंड कसं दाखवू?"

"साफ करण्याआधीची प्रत?"

"तिच्यावरच साफ केलेली सेव्ह झाली. बावळटपणा झाला."

म्हणजे आता खरं काय ते फक्त त्या मूळ फितीत. आणि फीत मुकुलने कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली होती. "हात लावू देणार नाही कुणाला," तो म्हणाला. "महिपतने दुकानातच पुसली नसेल कशावरून? हौशी लोक असतात हे. एकेका आवाजासाठी काय वाट्टेल ते करतात. आणि तो श्रीपाद! आईबरोबर काम केलेला. महिन्यापूर्वी घरी येऊन गेला, फीत हातात घेऊन बसला होता. आई गाजली, तो नाही गाजला. पण माझं मन सांगतं, हे अंतराचंच काम."

परशुराम पलंगाशी जाऊन बसला. बाईंचा हात हातात घेतला. "सुमेधाबाई, मी कोपरचा मढवी. तुमचा आकांत लहानपणी ऐकलाय मी. कोणी पुसला तो, तुम्हाला ठाऊक आहे का?"

बाईंनी भिंतीकडचं तोंड त्याच्याकडे वळवलं. बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग उजवा हात किंचित उचलला, अंगठा आणि दोन बोटं जुळवली, आणि हळूच उघडली. पुन्हा जुळवली, पुन्हा उघडली.

"पांघरूण हवं असेल," अंतरा म्हणाली आणि तिने चादर ओढून दिली. बाईंनी चादर बाजूला सारली. पुन्हा बोटं जुळवली, पुन्हा उघडली. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर ओघळलं.

३

श्रीपाद वैशंपायन ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत राहत. नव्वदीला टेकलेले, पण धोतराची निरी कडक आणि आवाज अजून खणखणीत. पारूच्या मुलाचं काम त्यांचं. परशुरामला चहा मिळायच्या आत भाषण मिळालं.

"रेडिओ म्हणजे काय खेळ वाटला तुम्हाला? आजची पोरं गाडीत बसून पॉडकास्ट करतात. आमच्या वेळी बायका बांगड्या काढून ठेवायच्या बाहेर. खळ घातलेली साडी नेसून आलीस तर परत जा. संहितेला टाचणी नाही, सगळी पानं सुटी. एक पान वाचून झालं, की हाताने अलगद खाली सतरंजीवर सोडायचं, आवाज न करता. थेट प्रक्षेपण. लाल दिवा लागला की खोकला आला तरी गिळायचा. पडलेल्या पानासाठी वाकायचं नाही, कपडा सळसळतो."

"पाठ नसायचं काही?"

"रेडिओवर पाठांतर? छे हो. हातात कागद असताना पाठ कोण करतो? दोन तालमी, की लगेच माइकपुढे. आणि ज्याचं काम संपलं तो बाहेर. जादा श्वाससुद्धा चालायचा नाही आत. आमचे निर्माते हरिहरपंत याबाबतीत भारी कडक. समुद्राची गाज ते स्वतः करायचे. सुपात वाटाणे घेऊन हळूहळू फिरवत बसायचे कोपऱ्यात. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत गाज चालू. समुद्र थांबत नसतो, म्हणायचे. ती फीतही त्यांनीच स्वतःसाठी भरून घेतली होती, मग सुमेधाला देऊन टाकली."

"आणि आकांत? तो कसा होता?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "काय सांगू तुम्हाला. मी तिच्या शेजारी उभा होतो. असा. अंगावर सर्रकन काटा आला. किंचाळी होती ती, मढवी. चिडलेली. समुद्राचं नरडं धरावं तशी. आमची आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळी अशीच ओरडली होती देवावर. तोच सूर."

परशुरामने चहा संपवला. बशी खाली ठेवली. "श्रीपादराव, त्या नाटकात तुम्ही समुद्रावर जाता ते अर्ध्यातच ना?"

"हो, निम्म्याच्याही आधी."

"म्हणजे तुमचं काम तिथे संपलं. आणि काम संपलं तो बाहेर."

श्रीपादराव हातातल्या काठीकडे पाहत होते. इतकी वर्षं शेकडो सभांमधून सांगितलेली गोष्ट होती ती.

"कँटीनमध्ये होतो मी," ते अखेर म्हणाले. "तिथे रेडिओ लावला होता. कपबशांचा गोंगाट. पण मी ऐकलं, मढवी. देवाशपथ सांगतो, ऐकलं मी."

आणि गंमत अशी, की परशुरामला ते खरं वाटलं.

४

परतताना त्याने वाचनालयाच्या शुभदा कर्वेंना फोन लावला. सोहळा त्यांनीच घडवून आणला होता, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. काल कॉम्प्युटरपाशी कोण आलं, कोण गेलं, सगळं विचारून झाल्यावर त्याने सवयीने तोच प्रश्न विचारला.

"आकांत? अहो, कुजबुज होती ती," शुभदाबाई म्हणाल्या. "जेमतेम ऐकू येईल इतकी. पदर तोंडात धरून बोलावं तशी. माझी आजी आजोबांच्या फोटोपुढे तशी बोलायची. सुमेधाताईंना मी हे एकदा सांगितलंही. त्यांनी माझा हात धरून ठेवला, काही म्हणाल्या नाहीत. त्यांच्याकडे लोक सारखे यायचे हो, आपापलं सांगायला. त्या नुसत्या ऐकत बसायच्या."

कल्याणला स्टेशनजवळच्या जिन्याखाली महिपतचं दुकान. माणूस पन्नाशीचा, तापट. आठल्यांचं नाव काढताच उसळला.

"मी चोर आहे का साहेब? त्यांच्या मुलाने काल फोनवर काय काय ऐकवलंय मला. फीत लावली, उतरवली, परत दिली, माझ्याकडे प्रत ठेवत नाही मी. ऐकत नाही मी बसून. दुकानात गिऱ्हाईकं असतात, आवाज बंद ठेवूनच उतरवतो."

"पुन्हा वाजवून बघता येईल?"

महिपतचा राग ओसरून चेहऱ्यावर काळजी आली. "त्याच दिवशी पोरीला सांगितलेलं मी. फीत कुजलीय. वाजवताना तिचा लेप झडून यंत्राला चिकटत होता. आता अजून एकदा वाजेल, फार तर. आणि त्या एकदात जे उतरेल तेच. मग ती फीत राहणार नाही."

"म्हणजे एकच संधी."

"एकच. आणि साहेब, माझी आई सांगायची त्या नाटकाचं. पारूने ओवी म्हटली होती म्हणे शेवटी, जात्यावरच्या चालीत. आई गुणगुणायची ती, माझ्या आधीची बहीण गेली होती तिच्या आठवणीत. मला ऐकायची होती खूप. मी का पुसेन?"

परशुराम दुकानातून बाहेर पडला तो तसाच उभा राहिला. किंचाळी, कुजबुज, ओवी. आणि त्याच्या स्वतःच्या कानांत होतं ते चौथंच: कोणावर राग नाही, देवावर नाही, समुद्रावर नाही, नुसती हाक. ये रं घरा, वाढलंय. छापील आकांतात तर जेवणाचा शब्दही नव्हता. हे त्याला आधीही खटकलं होतं, पण साठ वर्षांची आठवण म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

खात्यात असताना त्याने पुष्कळ साक्षीदार पाहिले होते. एकच गोष्ट पाहिलेली माणसं रंग चुकवतात, वेळ चुकवतात. पण इथे चौघांचं काहीच जुळत नव्हतं, आणि काय ऐकलं याबद्दल चौघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं.

५

संध्याकाळी तो कोपरला खाडीवर जाऊन बसला. मिठागरं कधीच गेली, आता पलीकडे टॉवर. पण पाणी तेच. भाऊ गेला ती जागा समोरच होती. त्या वेळी आयने एक टिपूस गाळलं नव्हतं. दिवसच्या दिवस दगडासारखी बसून असायची. भाकरी थापायची आणि थापलेली तशीच ठेवायची. बायका म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर ही जाईल. मग पाटलांच्या ओटीवर ते नाटक लागलं, आयला कोणीतरी हाताला धरून नेलं, आणि त्या संध्याकाळनंतर आय पुन्हा माणसांत आली. सुमेधाबाईंचं एवढं ऋण होतं मढव्यांच्या घरावर.

भरती लागली होती. पाणी दगडांवर चुबुक चुबुक करत होतं, मागून गाज येत होती. परशुराम ऐकत बसला आणि एकाएकी ताठ झाला.

समुद्र कुठे गेला?

काल सभागृहात समुद्र नव्हताच. हरिहरपंत सुपात वाटाणे घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत बसले होते, श्रीपादराव सांगत होते. मग काल गाज का ऐकू आली नाही? तेवढ्या शांततेतच नव्हे, अख्ख्या नाटकात नाही. पोलिसाच्या कानाला हे कळायला नको होतं का? तोही खाडीकाठच्या पोलिसाच्या?

समुद्र अंतराच्या ॲपने काढला होता. यंत्राला गाज ही खरखरच वाटली. माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं काढायचं. पण मग किंचाळी असो, कुजबुज असो, ओवी असो, ते माणसाचंच ना? ते त्याने ठेवायला हवं होतं.

म्हणजे एक तर फीत आधीच पुसलेली होती. नाहीतर...

त्याला बाईंची ती बोटं आठवली. अंगठा आणि दोन बोटं. जुळवायची, आणि अलगद उघडायची. तो उठला आणि तिथूनच त्याने महिपतला फोन लावला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी महिपतने आपलं यंत्र डोंबिवलीला आणून बाईंच्या खोलीत मांडलं. मुकुल हातात फीत घेऊन उभा होता, द्यायला तयार नव्हता. श्रीपादराव टॅक्सीने ठाण्याहून आले होते, कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले. अंतराची बॅग दाराशी भरलेली होती. बाईंनी तिसऱ्या दिवशीही काही खाल्लं नव्हतं. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, असंच चाललं तर दवाखान्यात न्यावं लागेल.

"ही एकदाच वाजणार," परशुराम म्हणाला, "म्हणून आधी सांगतो आणि मग ऐकू. मुकुलराव, फितीवरचा आवाज पुसला, तर त्या जागचं सगळं जातं. बोलणं जातं, तशी गाजही जाते. पुसणाऱ्याला आकांत तेवढा काढून समुद्र मागे ठेवता येत नाही. बरोबर ना, महिपत?"

"बरोबर."

"तर आता कान समुद्राकडे ठेवा. त्या शांततेत गाज बंद पडली, तर कोणीतरी गुन्हा केला, आणि मी त्याला शोधीन. पण गाज चालू राहिली, तर तिथे पुसायला काही नव्हतंच. अंतराने काही केलं नाही, महिपतने नाही, कुणीच नाही."

"काही नव्हतं म्हणजे?" मुकुल म्हणाला. "अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलाय तो आकांत. तुम्ही स्वतः ऐकलाय."

"ऐकलाय. म्हणूनच म्हणतो, लावा."

बाई त्याच्याकडे पाहत होत्या. डोळ्यांत भीती होती. एवढ्या वयाच्या बाईला भ्यालेलं पाहवत नाही, पण परशुरामने महिपतला खूण केली.

चक्र फिरलं. खरखर आली, आणि खरखरीच्या मागून, किती वर्षांनी, समुद्र आला. वाटाण्यांचाच, पण समुद्र. सत्तावीस वर्षांच्या सुमेधाचा आवाज खोलीभर झाला आणि अंतराने तोंडावर हात दाबला. पलंगावरच्या बाईंचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. महिपत फितीवर नजर खिळवून बसला होता. यंत्राखाली तपकिरी भुकटी साठत होती.

"पारू, होडी आली गं. रिकामी आली."

कागदाची बारीकशी सरसर झाली. खाली कुठेतरी काहीतरी टेकलं. आणि शांतता.

पण गाज चालू होती. वाटाणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होते, परत येत होते. त्यात एका बाईचा श्वास होता. आत घेतलेला, अडलेला. शब्द नव्हता. कुजबुज नव्हती, ओवी नव्हती, किंचाळी नव्हती. गाज जात होती, येत होती, आणि ती बाई नुसती उभी होती.

निवेदकाचं वाक्य आलं. फीत संपून चक्रावर फटफट वाजू लागली. महिपतने ती थांबवली.

"आईने काहीच..." मुकुल खाली बसला.

परशुरामने टेबलावरचं वर्तमानपत्र घेतलं, दोन सुटी पानं काढली, एकमेकांवर ठेवली आणि बाईंच्या हातात दिली. "बाई, वाचून झालेलं पान खाली सोडायचं. अलगद. एकच सोडायचं होतं ना?"

बाईंनी पानं पाहिली. अंगठा आणि दोन बोटांत धरली. मग बोटं उघडली. दोन्ही पानं एकदमच गेली, फरशीवर पसरली. बाई वाकल्या नाहीत. वरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या, त्या दिवशी पाहिलं असेल तशाच.

"चिकटली होती," श्रीपादराव पुटपुटले. काठी त्यांच्या हातातून निसटली. "दोन पानं चिकटली होती. आणि आकांत खालच्या पानावर. अरे देवा. लाल दिवा चालू. वाकता येत नाही. पाठ नाही. आत होते ते कुणी बोलले नाहीत, आणि बाई गं, हे तू एकटीने एवढी वर्षं..."

"पण लोकांनी ऐकलं ते?" अंतराने विचारलं. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलं ते काय होतं मग?"

"श्रीपादरावांनी त्यांची आई ऐकली. शुभदाबाईंनी आजी. महिपतच्या आईने स्वतःलाच. जागा मोकळी होती, ज्याचं जे अडलं होतं ते तिथे आलं. पुढे छापील शब्द आले, स्पर्धा आल्या, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण हेच ऐकलं." परशुराम बाईंकडे वळला. "लोक तुमच्याकडे येऊन आपापला आकांत सांगायचे. तुम्ही कोणाला म्हणाला नाहीत, की माझ्या हातून पान पडलं. म्हटलं असतंत, तर त्यांचंही गेलं असतं. म्हणून 'ते एकदाच'. आणि परवा सभेत ते उघडं पडलं, वर आळ नातीवर आला, आणि तुम्हाला सांगताही येईना."

बाईंनी मान हलवली. हो. पुन्हा हलवली. मग अंतराकडे हात केला. मुकुल मुलीपाशी गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. "चुकलो गं बाळा," एवढंच म्हणाला. अंतरा रडली, भरपूर रडली, आणि मग बाहेर जाऊन बॅग आत घेऊन आली.

"आता लोकांना काय सांगायचं?" शेवटी मुकुलने विचारलं. "उतरवलेली प्रत आहे. अख्खी. गाजेसकट."

"ऐकवा की," परशुराम म्हणाला. "समुद्र ऐकवा. ज्याला जे ऐकू येईल ते येईल."

अंतराने ताजा मऊ भात आणला. चमचा पुढे नेला. बाईंनी ओठ उघडले नाहीत. त्या परशुरामकडे पाहत होत्या. पाहणं सवयीचं होतं, गेली साठ वर्षं समोर बसणाऱ्या प्रत्येकाकडे त्यांनी असंच पाहिलं असणार. तुझं राहिलंय, तू सांगितलं नाहीस.

परशुराम पलंगाच्या कडेला बसला.

"आमच्या आळीत पाटलांच्या ओटीवर होता रेडिओ," तो म्हणाला. "माझा भाऊ गेलेला खाडीत. आय रडत नव्हती. तुमच्या नाटकाला घेऊन गेले तिला. मी तिच्या मांडीशी होतो. माझ्या डोक्यावरून आवाज आला, बाई. इतकी वर्षं मी समजत होतो, की रेडिओतून आला." तो थांबला. डोळे पुसायचे त्याला सुचलं नाही. "ये रं माज्या बाला, घरा ये रं. वाढलंय तुला. असं ओरडली ती. वाढलंय, ये रं जेवाया."

बाईंचा हात त्याच्या हातावर आला. कितीतरी वेळ तो तसाच होता. मग त्यांनी अंतराकडे तोंड वळवलं, आणि लहान मुलीसारखा आ केला.

अंतराने पहिला घास भरवला.